तिसरी हाक

आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ या एका शब्दाने घातला. इडलीसोबत वाटीत येतं ते सांबार निराळं. आमचा सांबार हिरवा असतो, जुडीने मिळतो, वरणावर पडतो, सांबारवडीत भरतात, आणि भाजीवाली तो फुकट घालत नाही म्हणून बायका तिच्याशी तावातावाने भांडतात. अमरावतीच्या बाजारात कोणी 'कोथिंबीर द्या' म्हटलं, तर भाजीवाली एकदा वर मान करून पाहते आणि समजून जाते की पाहुणे पुण्याकडचे आहेत.

लीलाबाईने हा सांबार उभा जन्म विकला. वलगाव रोडला त्यांचा ओलिताचा तुकडा होता. त्यात सांबार, पालक, मेथी, कडेने झेंडू. आणि इतवारा बाजारात बसायची ठरलेली जागा. तिच्या दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या बायाही सांबारच विकायच्या, पण गिऱ्हाईक वळायचं ते लीलाबाईकडे, तिच्या हाकेमुळे. एका दमात तीन हाका द्यायची ती. पहिली लांबलचक, "सांबाऽऽर घ्या, सांबार!" दुसरी तुटक, रागावल्यासारखी. आणि तिसरी? आता ती कशी सांगावी बाप्पा! तिसरीत आवाज वर चढायचा आणि चढता चढता मधेच फाटायचा. एका गळ्यातून दोन बाया ओरडल्यासारखं वाटायचं. त्या फाटण्यात काय होतं कोण जाणे, पण चार पावलं पुढे गेलेली बाई पिशवी सावरत मागे यायची आणि जुडी घेऊन जायची.

रागिणी ही तिची एकुलती एक लेक. शाळा सुटली की दप्तर घेऊन ती सरळ इतवाऱ्यात यायची आणि आईच्या मागे पोत्यावर बसून अभ्यास करायची. त्या हाका ऐकतच ती वाढली. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आईच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ गेली, बाई वाचली, पण गाठीबरोबर आवाजही गेला, तो कायमचाच. घरी आल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं की घरातले मोबाइल लग्नाच्या, बारशाच्या, अगदी बकरीच्या पिल्लाच्यासुद्धा व्हिडिओंनी भरलेले आहेत, आणि लीलाबाईची हाक एकातही नाही. रोज कानावर पडणारी गोष्ट कोण भरून ठेवतं? रागिणीचे वडील चंद्रभानजी ओट्यावर बसून मोबाइल वरखाली करत राहिले. काही सापडलं नाही.

मग एका संध्याकाळी, उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधता बांधता, लीलाबाईने लेकीच्या गळ्यावर बोट टेकवलं आणि नुसत्या डोळ्यांनी म्हणाली, दे.

"मी कशी देऊ आई? मले नाई जमत वं."

बोट काही हललं नाही. तेव्हा रागिणीने तोंड उघडलं. पहिली हाक बरी गेली, दुसरीही बरी गेली, आणि तिसरी वर जाता जाता आपसूक फाटली. अगदी तशीच! लीलाबाईने पदर तोंडाला लावला. चंद्रभानजी उठले आणि काही काम नसताना मोटारपंपाकडे निघून गेले. त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. जुड्या बांधायच्या, गळ्यावर बोट टेकायचं, तीन हाका. लीलाबाईचा आवाज आता जगात एकाच जागी शिल्लक होता, तो म्हणजे लेकीच्या गळ्यात.

याच दिवसांत रागिणी आणि तिच्या दोन मित्रांचा 'भैताड' हा बँड निघाला. भैताड म्हणजे वेडपट. वऱ्हाडातली आई लेकराला दिवसभर याच नावाने हाक मारते, तर या पोट्ट्यांनी बँडचंच नाव तसं ठेवलं. गिटारवर विपुल, तो अकोल्याचा. ड्रमवर जीवन, तो बडनेऱ्याचा. लिहायला आणि गायला रागिणी. जीवनच्या काकाच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यांचा सराव चालायचा. वर पत्रे, खाली ड्रम. आजूबाजूचे लोक भांडायला यायचे आणि रस्त्यावरूनच ओरडून परत जायचे, कारण आत कोणाला काही ऐकूच यायचं नाही.

'सांबार' हे गाणं तिथेच झालं. गिटार खरखरीत, ड्रम अंगावर येणारे, शब्द मात्र साधे. बाजारात बसलेली बाई, उन्हाने माना टाकलेली पानं, त्यांच्यावर मारलेले पाण्याचे हबके. आणि शेवटी सगळी वाद्यं एकदम बंद. नुसत्या तीन हाका. तिसरी फाटली की गाणं संपलं. त्यानंतर टाळ्या लवकर पडायच्या नाहीत. कॉलेजातले एरवी शिट्ट्या मारणारे पोट्टे खाली मान घालून उभे राहायचे.

कोणीतरी मोबाइलवर काढलेला त्याचा व्हिडिओ फिरत फिरत पुण्याच्या एका संगीत कंपनीकडे गेला, आणि तिथल्या ऋत्विजने तिघांना बोलावून घेतलं. ऋत्विज स्वभावाने गोड. त्याला शिव्या द्याव्यात असं त्याच्यात काही नव्हतं, हीच तर पंचाईत. स्वतः उठून चहा आणून द्यायचा, ताई-दादा करायचा, आणि बोलता बोलता माणसाचं सालटं कधी काढलं ते कळू द्यायचा नाही.

"अगं, कमाल गाणं आहे!" तो म्हणाला. "सांबार! इतका गोड शब्द पकडलायस. खाण्याची गाणी आत्ता काय चालतायत, तुम्हाला कल्पना नाही. मला तर व्हिडिओसुद्धा दिसतोय. उडप्याचं हॉटेल, मधोमध ही एवढी मोठी इडली..."

रागिणीने विपुलकडे पाहिलं. विपुलने जमिनीकडे. जीवनने तोंड उघडलं, "सर, सांबार म्हणजे..." आणि टेबलाखालून विपुलने त्याच्या पायावर पाय दिला.

बाहेर आल्या आल्या जीवन भडकला. "काहून दाबलं बे मले? सांगू दे ना त्याले सांबार काय असते ते!"

"आन् सांगितलं असतं तर?" विपुल म्हणाला. "कोथिंबिरीचं गाणं कोण ऐकते बे? त्याले इडली समजली म्हणून त्यानं बोलावलं आपल्याले. एकडाव आत घुसू दे, मंग आपलं आपल्या मनानं करू. काय वं रागिणी?"

 आत बसलेली असताना रागिणी दोनदा 'मले' म्हणाली होती आणि दोन्ही वेळा तिथली एक मुलगी ओठ दाबून हसली होती. पुन्हा तोंड उघडायची तिला लाज वाटली. आईचं गाणं होतं, आईचा शब्द होता, आणि ते सांगायला पोरीची जीभ रेटेना! कधीकधी अशी लाज फार महागात पडते.

मग सुरू झाली साफसफाई. 'मले'चं 'मला' झालं. 'भैताड' लोकांना कळणार नाही म्हणून बँडचं नाव झालं 'बी. टी.' विपुलच्या गिटारची खरखर गेली. जीवनचे ड्रम गेले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटरचा ठेका आला, पायाला गुदगुल्या करणारा. उन्हातली पानं गेली, इडली आली. उरल्या त्या शेवटच्या तीन हाका.

"हा शेवटी तुझा गळा फाटतोय ना, तेवढं काढून टाकू," ऋत्विज म्हणाला. "तू नको टेन्शन घेऊ, मशीनमध्ये होतं."

"सर, ते तसंच आहे. तसंच पाहिजे."

"अगं, लग्नात वाजणार आहे हे! लोक नाचायला उठले आणि आपण त्यांना रडवायचं का?"

पडद्यावर तिचा आवाज रेघ होऊन दिसत होता. तिसऱ्या हाकेत एके ठिकाणी ती रेघ काट्यासारखी वर आली होती. ऋत्विजने तेवढा भाग निवडला आणि एक बटण दाबलं. रेघ सपाट झाली. त्याने ऐकवलं. आवाज रागिणीचाच होता, पण घासूनपुसून फळीवर मांडलेल्या ताटासारखा. कुठे डाग नाही, पोचा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिनेही वाजवल्या. करारात लिहिलेलं होतं की हे गाणं यापुढे कुठेही गायचं ते याच रूपात, आणि कार्यक्रमात मागून हेच रेकॉर्डिंग वाजणार. तिघांनी सह्या केल्या. आत घुसायचं होतं ना!

गाणं असं काही चाललं की विचारू नका. वरातीत तेच, गणपतीत तेच, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तेच. त्याच्यासोबत एक स्टेपही निघाली. हातात इडली धरल्यासारखी करायची, दोनदा वाटीत बुचकळायची आणि मान हलवत तोंडात टाकायची. पुण्या-मुंबईचे लोक नाचले तर नाचोत बापडे, त्यांना काय माहीत. पण अमरावतीचे? अकोल्याचे? ज्यांच्या घरच्या वरणावर रोज सांबार पडतो ते लोकही हसत हसत इडली बुचकळत होते. रागिणीला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला रडू यायचं, आणि रडायला जागा नव्हती, कारण जिथे जावं तिथे कोणीतरी मोबाइल धरून उभं असायचं.

एकदा ती पहिल्यासारखी इतवाऱ्यात आईजवळ जाऊन बसली. बघता बघता गर्दी झाली. "ताई, एक स्टेप! इडलीवाली ताई!" पोट्टे मेथीवर पाय देऊन फोटो काढू लागले. गर्दी एवढी, पण जुडी एकानेही घेतली नाही. शेजारी बसणारी सुभद्राबाई शेवटी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "पोरी, राग नको मानू, पण तू नको येत जाऊ वं. तू आली का कोणाचाच माल खपत नाई."

झालं. तिच्या लहानपणीची जागाही गेली. पोत्यावर लीलाबाई एकटी उरली. तिला बोलता येत नव्हतं. गिऱ्हाईक दिसलं की ती तराजूचं पारडं वजनाने टणटण वाजवायची. कोणी वळायचं, कोणी नाही.

कार्यक्रम वाढत गेले. नाशिक, सोलापूर, इंदूर. कानात बारीक यंत्र, त्यात तेच घासलेलं गाणं, आणि रागिणीने त्याच्या बरहुकूम ओठ आणि गळा चालवायचा. जरा इकडेतिकडे झालं की ऋत्विजचा फोन, अगदी गोड आवाजात. जीवन मागे एका चपट्या पॅडसमोर उभा राहून वाजवल्याचं नाटक करायचा. घरी येणं व्हायचं ते असं तसंच, बॅग बदलायला. आईचं बोट गळ्याला लागायच्या आत गाडी दारात येऊन हॉर्न द्यायची. "पुढच्या डावी देतो ना आई," म्हणत ती चपला घालायची.

अशात अकोल्याचा कार्यक्रम ठरला. विपुलचं गाव, मोठं मैदान, आणि या वेळी चंद्रभानजी लीलाबाईला घेऊन येणार होते. आईने अजून रागिणीला स्टेजवर पाहिलेलं नव्हतं. रागिणीने मनाशी पक्कं केलं. काही होवो, आज आईला तिची हाक द्यायची. खरी, फाटणारी.

मूर्तिजापूरला चहाला गाडी थांबली तेव्हा तिने जीवनला बाजूला घेतलं. "शेवटच्या हाका आल्या का तू मागचं रेकॉर्डिंग बंद कर. बटण तुह्यापाशीच असते ना?"

जीवनचे डोळे चमकले. कित्येक महिन्यांत त्याला कोणी खरं काम सांगितलं नव्हतं. "करतो. इमानदारीत करतो. पण ऋत्विज?"

"पाह्यून घेऊ."

विपुलने ऐकलंच. चहाचा कप तसाच ठेवून तो आला. "पागल झाली का? माह्या अकोल्यात? सारे सोयरेधायरे येऊन राहिले माहे. बाबानं पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवायला सांगतल्या. करार मोडला तर केस करतील ते लोक. रागिणी, पाया पडतो तुह्या, आज नको. दुसरीकडं कर, नाशिकले कर!"

"नाशिकले माही आई बसणार आहे का?" ती म्हणाली.  विपुल गाडीत जाऊन बसला आणि अकोला येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. वाईट पोरगा नव्हता तो. त्याला फक्त परत शेडमध्ये जायचं नव्हतं.

संध्याकाळी मैदान गच्च भरलं. पहिल्या रांगेत लीलाबाई नव्या लुगड्यात बसली होती, गळ्याभोवती पदर गुंडाळून. गाणं सुरू झालं तसं सगळं मैदान इडली बुचकळू लागलं. रागिणी गात होती, म्हणजे ओठ हलवत होती, आणि तिची नजर आईवर होती. शेवट आला. तिने जीवनकडे पाहून मान हलवली. जीवनने बटण दाबलं. ठेका बंद. कानातलं यंत्र बंद. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"सांबाऽऽर घ्या, सांबार!"

पहिली हाक गेली. माइकमधून उघडी, खरखरीत, बाजारातली. लीलाबाई खुर्चीत पुढे सरकली. तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

दुसरी हाक द्यायला रागिणीने तोंड उघडलं, तोच मैदानाने ती हिसकावून घेतली. "सांबार! सांबार!" हजारो लोक, त्याच गोड चालीत, टाळ्यांवर. आता यांना काय म्हणावं? ते प्रेमानेच गात होते. त्या गोंगाटात तिने डोळे मिटले, इतवारा आठवला, पोतं आठवलं, आणि सगळा दम एकवटून तिसरी हाक वर सोडली.

हाक चढली. आता फाटेल, आता फाटेल. फाटली नाही. सरळ वर गेली आणि जिथे थांबायचं तिथे गोड थांबली. जशी ऋत्विजने केली होती तशीच, काट्याशिवाय. मागे रेकॉर्डिंग बंद होतं, मशीन बंद होतं, काहीच लावलेलं नव्हतं. तो तिचाच गळा होता.

तिने पुन्हा दिली. पुन्हा तशीच सपाट. मैदानाला वाटलं, ताई खुश होऊन जास्तीचं गाऊन राहिली. शिट्ट्यांचा पाऊस पडला. ती तिसऱ्यांदा देणार तोच जीवनने घाबरून बटण परत दाबलं आणि ठेका सुरू झाला. विपुलचे बाबा खुर्चीवर उभे राहून नाचत होते. लीलाबाईने गळ्यावरचा हात हळूहळू खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

स्टेजमागे येते न येते तोच ऋत्विजचा फोन. त्याने पुण्यात बसून सगळं थेट पाहिलं होतं. रागिणी शिव्या खायच्या तयारीत होती. खरं तर तिला त्या हव्याच होत्या.

"अगं, काय केलंस तू! ठेका बंद करून लोकांकडून गाऊन घेतलंस! अंगावर काटा आला. आता हे प्रत्येक शोमध्ये ठेवायचं, हं. आणि गळा काय तयार झालाय तुझा! मशीनची गरजच नाही राहिली."

तिने फोन विपुलच्या हातात दिला. विपुल हसत हसत "हो सर, हो सर" म्हणत राहिला. जीवन एका पेटीवर डोकं धरून बसला होता. "मी बंद केलं होतं वं," तो म्हणाला. "कसम से, मी बंद केलं होतं."

"माहीत आहे मले," रागिणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरी, दिवस कलताना, लीलाबाई जुड्या बांधायला बसली. रागिणी समोर बसली. त्या दिवशी दारात गाडी नव्हती, हॉर्न नव्हता. ती बोटाची वाट पाहत होती आणि त्या बोटाला भीतही होती. बोट आलंच नाही. लीलाबाई खाली मान घालून काड्या सारख्या करत होती. शेवटी रागिणीनेच आईचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.

"आई, आज पाह्य. इथी कोणी नाई. आज येते पाह्य बरं."

पहिली हाक दिली. दुसरी दिली. तिसरी चढली, आणि वर जाऊन गोड थांबली. तिने पुन्हा दिली, या वेळी मुद्दाम गळा आवळून फाडायला गेली, तर ती नक्कल झाली. कार्यक्रमात आवाज काढून दाखवतात तसली. ते तिच्याही कानाला कळलं आणि आईच्या हातालाही. पंपाजवळ चंद्रभानजी उभे होते. ते तसेच उभे राहिले. रागिणीला आता हुंदका आवरेना. "आई, गेला वं," ती म्हणाली. "तुहा आवाज गेला. मी घालवला."

लीलाबाईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. पाहत राहिली. मग हातातली जुडी तिने खाली ठेवली, पदराने लेकीचे डोळे पुसले, आणि तोच हात हवेत धरून, बोटांत इडली धरल्यासारखी करून, दोनदा वाटीत बुचकळली आणि मान हलवत तोंडात टाकली. हसली. रागिणी पाहतच राहिली. आईने पुन्हा इडली बुचकळली, आणि मग रागिणीच्या गळ्यावर बोट टेकवलं.

दे.

रागिणीने डोळे पुसले आणि जे देता येणार होतं ते आईला दिलं. ते इडलीचं गाणं, पहिल्या ओळीपासून, स्वच्छ, कुठेही न फाटता. लीलाबाई एका हाताने ठेका धरून मान डोलावत होती, आणि दुसऱ्या हाताने सांबाराच्या जुडीला दोरी गुंडाळत होती.